दिवाणात ठेवलेलं शीड

आमच्या बोटीचं मोठं शीड मी शिवलं. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून, चौदा महिने. गच्ची खासगी कामासाठी वापरू नये अशी नोटीस सेक्रेटरीने दोनदा लावली. दोन्ही वेळा मी ती काढून घेतली आणि तिच्या पाठीवर मापं लिहिली. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मी काही फार शहाण्यासारखी वागले नाही. पण शीड माझं होतं, एवढं खरं.

बोट माझी आणि दादाची. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये काढून तो रिटायर झाला आणि मुलुंडला वहिनीबरोबर राहायला लागला. मी सांताक्रूझच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं रक्त तपासलं आणि वेळेआधी नोकरी सोडली. लग्न केलं नाही. आईबरोबर राहते. बाबा गिरणीत होते. गिरणी गेल्यावर अंधेरीच्या एका कंपनीच्या गेटवर बसायचे. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आमचं मूळ गाव मालवणकडे, त्यामुळे समुद्र आमच्या रक्तात आहे वगैरे लोक म्हणतात. रक्तात काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी दहा दिवसांचा कोर्स लावून लहान शिडाच्या होडीत पहिल्यांदा बसले, आणि पहिल्या दिवशी चार वेळा पाण्यात पडले. शिकले ते असं.

बोट आम्हाला मढला मिळाली. शूटिंगसाठी भाड्याने देतात तशा एका बंगल्याच्या आवारात ती वाळूच्या पोत्यांवर उभी होती. तिच्यावर उभं राहून बऱ्याच नटनट्यांनी सूर्यास्त बघितला असणार. एकतीस फुटांची, फायबरची. कॅमेऱ्याकडची बाजू गुलाबी रंगवलेली, दुसऱ्या बाजूला शेवाळ आणि कबुतरांची घाण. बंगल्याच्या मालकाला ती हटवायचीच होती. दादा म्हणाला, इंजिन मी बघतो. मी म्हटलं, बाकी सगळं मी बघते. तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. पण झालं अगदी तसंच. त्याने इंजिन बघितलं, बाकी सगळं मी बघितलं.

तीन वर्षं आमचे रविवार गोराईच्या खाडीत गेले. बोरीवलीच्या बाजूने फेरीबोट पकडायची, पलीकडे उतरायचं, चिखलातून आपल्या बोटीपर्यंत जायचं. डोलकाठी उभी केली, दोर बदलले, तळाला पडलेल्या भेगा भरल्या. मी रेडिओची परीक्षा दिली, नकाशावर मार्ग आखायला शिकले, वारा वाढला की शीड किती आणि कसं उतरवायचं हे हाताला सवय होईपर्यंत घोटलं. दादा जहाजावर आयुष्यभर डेकच्या खाली होता. वाऱ्याचं त्याला काही कळत नाही हे तो स्वतःच सांगायचा. बेत असा होता की डिसेंबरात आपला हा मुंबईचाच किनारा वरखाली फिरायचा, बोटीच्या खोड्या समजून घ्यायच्या, आणि जानेवारीच्या शेवटी, वारा उत्तरेकडून नीट लागला की थेट सेशेल्स. मध्ये कुठे थांबायचं नाही. अठरा-वीस दिवस फक्त पाणी. त्या रेषेवर मी इतक्या वेळा पेन्सिल फिरवली होती की नकाशाचा कागद तिथे मऊ झाला होता.

तो डिसेंबर सुरुवातीला झकास गेला. लोकांना वाटतं आपण उपनगरात राहतो म्हणजे बिल्डिंगांत राहतो. आपण बेटावर राहतो, हे समुद्रातून बघितल्याशिवाय पटत नाही. मढच्या किल्ल्यासमोर नांगर टाकला की सकाळी चर्चची घंटा ऐकू यायची आणि वाऱ्याबरोबर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. मनोरीवरून उत्तनकडे जाताना किनाऱ्याला माडांची ओळ, तिच्यामागे टेकडी, आणि त्याच्याही मागे, धुरकट, बोरीवलीचे टॉवर. त्यातल्या कुठल्या टॉवरच्या मागे आमची चार मजल्यांची बिल्डिंग आहे हे मी बोटाने दाखवायची. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की बोट एका अंगावर कलायची आणि दोर घट्ट होऊन गुणगुणायला लागायचे. मी बावन्न वर्षांची होते आणि मला कुणीतरी शाळेला सुट्टी दिल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही अर्नाळ्याच्या बेटाकडे निघालो. या वेळी दादाचा एक मित्र बरोबर आला. घाटकोपरचा, दादाबरोबर जहाजावर होता, सरळ मनाचा माणूस. मला वाटलं, चार दिवस हवा खायला आला आहे. बोटीत झोपायला चार जणांची जागा आहे, आपलं काय जातं. उत्तनच्या पुढे वारा वाढला, तसं मी मोठं शीड लहान करायला घेतलं आणि तो माझ्याजवळ येऊन बसला. दोर कुठून कुठे जातो, आधी काय सोडायचं, मग काय बांधायचं, सगळं विचारत होता. मला बरं वाटलं. दादाने तीन वर्षांत एवढं विचारलं नव्हतं.

"हे माझ्याकडून दोनतीनदा करून घे," तो म्हणाला. "तिकडे तू नसशील. तुझ्या भावाला यातलं किती येतं ते मला माहीत आहे."

मी विचारलं, "कुठे नसेन?"

तो हसत होता. हसता हसता त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि थांबला. मग मागे सुकाणूवर बसलेल्या दादाकडे बघितलं. दादा क्षितिजाकडे बघत होता. क्षितिजावर बघण्यासारखं काही नव्हतं.

मी शीड पूर्ण लहान करून बांधलं. वाऱ्यात असताना भांडायचं नसतं, एवढं शिकवलेलं होतं. दुपारी बेटाच्या आडोशाला नांगर टाकला, तो नीट रुतला का बघितला, आणि मग दादाला विचारलं की बंदराच्या ऑफिसात बोटीवरच्या माणसांची यादी दिलीस का. तो इंजिनाच्या झाकणात डोकं घालून बसला होता. म्हणाला, दिली, मंगळवारी. मी विचारलं, कुणाची नावं आहेत. त्याने फडक्याला हात पुसले. प्रत्येक बोट वेगळं पुसलं. त्याचं आणि मित्राचं नाव होतं.

मग त्याने जे बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते बोलला. आई एक्याऐंशीची. आपण वीस दिवस समुद्रात, मग तिकडचा मुक्काम, मग परत येणं, म्हणजे दोन महिने धर. आईला कोण बघणार?

"वहिनी आहे," मी म्हटलं.

"तिच्या आईचंही तीच करते. तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग मला कुठल्या तोंडाने सांगितलंस?"

"तुला अजून सांगितलंच नाही ना," तो म्हणाला. वर म्हणाला, "म्हणून तर म्हटलं, हा किनारा तू मनसोक्त फिरून घे."

मनसोक्त. तीन वर्षं बोट घासली, शीड शिवलं, चिखलात गुडघ्यापर्यंत उभी राहिले, आणि हा मला पिकनिकला घेऊन आला होता. शाळेतल्या मुलांना बसने राणीच्या बागेत नेतात तसं. माझ्या आयुष्यात मला असा राग आधी आला नव्हता. हॉस्पिटलमध्ये वरच्या जागेवर माझ्या हाताखालचा मुलगा बसवला तेव्हाही नाही. तेव्हा निदान माझं ज्यांच्याशी नातं नव्हतं त्यांनी ते केलं होतं. मी दादाला काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मित्र बिचारा पुढच्या टोकाला जाऊन पाठ करून बसला. दादा एकदाही आवाज चढवून बोलला नाही. माझा राग म्हणजे थोड्या वेळाने थांबणारी सर आहे असं समजून तो आडोशाला उभा होता, आणि त्याने मी आणखीच पेटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. सुकाणूचा दांडा मी घेतला, कुणाला विचारलं नाही. दादा पुढून काहीतरी ओरडत होता. मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू आलं होतं, पण त्याचा शब्द मला नको होता. तो सांगत होता की डावीकडे जाळ्यांचे बोये तरंगतायत, बाहेरून जा. त्या भागात कोळ्यांची डोल जाळी लावलेली असतात, समुद्राच्या तळाशी खुंट ठोकून, ओहोटीच्या ओढीवर उघडी राहणारी. येताना मी तिथून वाकडी वाट करून आले होते. त्या दिवशी सरळ गेले.

बोट एकदम अडकली. वेग मरून गेला, मागून धक्का बसला आणि शीड फडफडायला लागलं. बोटीच्या पोटाखालच्या कण्यात दोर गुंतला होता आणि दोराबरोबर जाळं. आम्ही शीड खाली घेतलं. सुटायची धडपड केली तसं ते अजून फाटलं. तासाभराने एक होडी आली. नवरा-बायको. त्याने पाण्यात उतरून, श्वास धरून, दोर सोडवला. ती होडीत उभी राहून वर आलेलं जाळं हातात घेऊन बघत होती, जिथे फाटलं तिथे बोटं घालून.

दादा पुढे होऊन माफी मागायला लागला. मी त्याला थांबवलं आणि सांगितलं की चूक माझी आहे, मी रागात होते, माझं आणि भावाचं भांडण झालं होतं. मला वाटलं, खरं सांगितलं की बरं वाटेल.

ती म्हणाली, "तुझा राग तुझ्या घरी ठेव ना. आमचं जाळं काय तुझ्या भावाचं आहे?"

  मी म्हटलं, जाळं मी शिवून देते, मला शिवता येतं. तिने जाळं होडीत ओढून घेतलं. आम्ही बोट परत बेटाशी नेली आणि दोन दिवस तिच्या दारात बसून मी जाळ्याच्या गाठी मारल्या. शीड शिवणं वेगळं आणि जाळं विणणं वेगळं हे पहिल्या तासातच कळलं. माझ्या गाठी सरकायच्या. मी वीतभर विणलं की ती येऊन निम्मं उसवून परत विणायची. मग दादाचा मित्रही बसला, त्याचे हात माझ्यापेक्षा बरे निघाले. दादा चहा आणून देत होता. दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला जेवायला वाढलं, बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. पण माझ्याशी ती शेवटपर्यंत गोड बोलली नाही, आणि तिने बोलावं असं मला वाटलंही नाही. एका बाईच्या ऐन हंगामाचे दोन दिवस मी खाल्ले होते. स्वतःवरचा राग दादावरच्या रागात मिसळला आणि त्याचं पुढे काय करायचं ते मला कळेना.

गोराईच्या खाडीत आल्यावर दादा आणि मित्र पहिल्या फेरीने गेले. मी म्हटलं, मी आवरून येते. मग मी मोठं शीड डोलकाठीवरून उतरवलं. एकटीने घडी घालायला दोन तास लागले. दोराने बांधलं, खांद्यावर घेतलं, फेरीत टाकलं, अलीकडे रिक्षाच्या मागच्या सीटवर कोंबलं आणि मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. त्याने विचारलं, तंबू आहे का. मी हो म्हटलं. घरी आणून ते मी आईच्या दिवाणात ठेवलं, हिवाळ्याच्या रजया बाहेर काढून. झाकण पुरतं बसेना, तेव्हा वर गादी टाकली. आई त्यावर झोपली. सकाळी म्हणाली, गादी उंच कशी झाली. मी म्हटलं, कापूस पिंजून आणला.

मोठ्या शिडाशिवाय त्या बोटीला गोराईच्या खाडीबाहेर काढणं शक्य होतं, सेशेल्सला नेणं नाही. नवीन शिवायला टाकलं तर मार्च उजाडतो, आणि मार्चनंतर तो वारा उरत नाही. मला हे माहीत होतं. मी रागाच्या भरात वेडेपणा केला असं नंतर बरेच जण म्हणाले. जाळ्याचं झालं तो वेडेपणा. शीड मी शांत डोक्याने उतरवलं.

पाचव्या दिवशी दादाचा फोन आला की शीड चोरीला गेलं. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. तो तासाभरात मुलुंडहून आला. आई दिवाणावर बसून लसूण सोलत होती. दादाने घरभर नजर फिरवली, बाल्कनीत बघितलं, माळ्यावर बघितलं. मी त्याला बघू दिलं. मग तो खुर्चीत बसला आणि पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. माझ्या वयाला आता किती हंगाम उरलेत, तो म्हणाला. गुडघे चालतात तोवरच आहे हे. तू माझ्या आयुष्यातली एक गोष्ट होऊ देणार नाहीस का?

मी म्हटलं, "तुझ्या आयुष्यात तीस वर्षं समुद्र होता. मी तेव्हा आईकडे बघत होते. बाबांकडे बघत होते. मला कुणी विचारलं, किती हंगाम उरलेत?"

तो म्हणाला, मला वाटलं तुला चालेल. त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की माझा विश्वास बसला. त्याला खरंच तसं वाटलं होतं. मला सगळं चालतं असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटतं, आणि ते तसं वाटावं म्हणून मीही वर्षानुवर्षं मेहनत घेतलेली आहे.

तेव्हा आई लसणाची वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "तेका कित्याक बोलतस? मीच सांगलंय तेका. तिका न्हेव नको म्हणान."

 दादा खाली बघत होता. म्हणजे त्याला माझ्यापासून हेही लपवायचं होतं.

"तेची वाट बघलंय तीस वर्सा," आई म्हणाली. "जहाज खंय आसा, वादळ झाला काय, पत्र कित्याक येणा नाय. आता तुझी वाट बघूक माका जमाचा नाय."

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. गोष्टीत आलं असतं. मला राग आला, आणि तो आता तिच्यावर आला, जिच्यावर रागवायची आमच्या घरात पद्धत नाही. तिला भीती वाटत होती तर तिने मला सांगायचं होतं. रोज एका ताटलीतून पेज खातो आम्ही. ती मुलुंडला फोन करून मुलाला सांगते, आणि मुलगा बंदराच्या ऑफिसात कागद देतो, आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललंय ती गच्चीवर शीड शिवत बसलेली. मी दोघांना सांगितलं की शीड मी देणार नाही. माझं नाव यादीत आलं तर शीड येईल, नाहीतर ते इथेच राहील. इथे म्हणजे कुठे, दादाने विचारलं. आई म्हणाली, माका म्हायत आसा खंय ता, रोज पाठीक टोचता.

त्या वर्षी कुणीच गेलं नाही. दादाच्या मित्राने मला स्वतःहून फोन करून सांगितलं की त्याला माझ्याबद्दल माहीत नव्हतं, माहीत असतं तर त्याने हो म्हटलं नसतं. दादाने मात्र आठ महिने माझ्याशी बोलणं टाकलं. आईचे डॉक्टर, औषधं, सगळं वहिनीच्या फोनवरून चालायचं. नातेवाइकांत पसरलं की बहिणीने भावाचं स्वप्न मोडलं. माझं कुणी मोडलं का, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गणपतीला मी आईला घेऊन मुलुंडला गेले. स्वयंपाकघरात मी आणि वहिनी मोदक वळत होतो. दादा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, या वर्षी तिघं जाऊ, यादी तू भर. तेवढंच. माफी वगैरे नाही. मी काही बोलायच्या आधी वहिनी म्हणाली, "म्हणजे आता माझी पाळी."

तिने मोदक ताटात ठेवला आणि हात धुतले. म्हणाली, तुमचं बहीण-भावाचं सगळं चाललं होतं, त्यात मला कुणी विचारलंत? मी आईंना बघेन. पण जायच्या आधी एक महिना त्यांचं सगळं ह्यांनी करायचं, म्हणजे मी काय करते ते ह्यांना कळेल. आणि तुम्ही परत आलात की मला एक महिना हवा. मी कुठे जाईन ते मी ठरवेन, सांगणारही नाही.

मला लाज वाटली. मी इतके महिने माझ्यावर झालेला अन्याय छातीशी धरून बसले होते, आणि अर्नाळ्याला बोटीवर सगळ्यात आधी जे उत्तर माझ्या तोंडून निघालं होतं ते होतं, "वहिनी आहे."

मग डिसेंबर आला, आणि शीड दिवाणातून निघून डोलकाठीवर चढलं. दादा बोरीवलीत आईजवळ राहिला आणि किनारा मी आणि त्याच्या मित्राने फिरून काढला, या वेळी खाली मुरूडपर्यंत. दादाचे फोन यायचे. सकाळची गोळी कुठली, आई आंघोळीला नाही म्हणते, पेजेत मीठ किती, ती मला सारखी उठवते. मी वाऱ्यात असले की फोन उचलायची नाही. एकदा तो म्हणाला, तू हे रोज करतेस? मी म्हटलं, रोज. मागून आईची हाक ऐकू आली आणि त्याने फोन ठेवला. अर्नाळ्याला आम्ही गेलो तेव्हा त्या कोळणीला भेटलो. तिने ओळखलं आणि बाजूच्या बाईला सांगितलं, हीच ती जाळं फाडणारी. बाहेरच्या वाटेने जा, असं मला दोनदा बजावलं.

यादी मी भरली. कप्तान म्हणून माझं नाव लिहिलं. दादाने वाचलं, चष्मा काढून पुसला आणि खाली सही केली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. आई मुलुंडहून फोनवर होती. तिने मला आशीर्वाद वगैरे दिला नाही. जा म्हणाली, आणि वहिनीच्या हातात फोन दिला. आम्ही एकोणिसाव्या दिवशी पोहोचलो. त्या एकोणीस दिवसांत दादा आणि मी चांगले तीन वेळा भांडलो, आणि तिन्ही वेळा वाऱ्यात. ते सगळं इथे सांगत नाही. समुद्राबद्दल मला जे वाटलं ते मी त्या नकाशाच्या कागदावरच्या रेषेला आधीच सांगून ठेवलं होतं.

परत आल्यावर वहिनी महिनाभर गेली. कुठे ते तिने सांगितलं नाही. दादा आणि मी आठवडे वाटून आईजवळ राहिलो.

या उन्हाळ्यात घाटकोपरला एका नात्यातल्या लग्नात आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. कुणीतरी दादाला बोटीबद्दल विचारलं. दादा रंगात आला. आम्ही कसे निघालो, इंजिन कसं बंद पडलं, त्याने आणि मित्राने ते कसं चालू केलं. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "हीपण होती बरोबर."

मी ताट सरकवलं आणि बोलायला लागले. मढच्या बंगल्यापासून सुरुवात केली. गुलाबी रंग, गच्ची, सेक्रेटरीची नोटीस, यादी, फाटलेलं जाळं, सगळं, माझ्या चुकांसकट. वाढपी दोनदा येऊन गेले. शेजारच्या पंगतीतल्या बायका खुर्च्या वळवून ऐकायला लागल्या. वहिनी समोरून बघत होती. तिचंही सांगितलं. आवाज चढला होता माझा, मला कळत होतं, आणि मी तो खाली आणला नाही. दादा जिलबी खात होता. एकदा काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, मग दुसरी जिलबी घेतली.